जोएलनं नाव सांगायला नको होतं

(पुढे 'द लास्ट ऑफ अस' या गेमच्या दोन्ही भागांची गोष्ट शेवटापर्यंत उघड केली आहे. खेळायचा विचार असेल तर आधी खेळून या, लेख कुठे पळून जात नाही.)

२०२०च्या जूनमध्ये आमच्या चार मित्रांच्या ग्रुपवर एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. मधल्या पाच वर्षांत एकाचं लग्न झालं, एक जण जर्मनीला गेला, दोघांनी मिळून सहा नोकऱ्या बदलल्या. पण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मध्यरात्री लिहितंच, "काहीही म्हणा, जोएलनं नाव सांगायला नको होतं." की झालं. सकाळी उठून बघावं तर दीडशे मेसेज.

वाद आहे 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेमचा. तो १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन फोरवर आला. पहिल्या तीन दिवसांत चाळीस लाखांवर प्रती खपल्या. मेटाक्रिटिकवर समीक्षकांची सरासरी ९३ होती आणि त्याच पानावर खेळाडूंची सरासरी दहापैकी चारच्याही खाली. पंचवीसेक तासांचा गेम, आणि तो बाजारात आल्या दिवशी दुपारपर्यंत हजारो लोकांनी त्याला शून्य देऊन टाकलं होतं. पुढे महिन्याभरात मेटाक्रिटिकनं नियमच केला की गेम आल्यावर पहिले छत्तीस तास खेळाडूंना मत नोंदवता येणार नाही. ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षाच्या शेवटी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये याच गेमला सात पुरस्कार मिळाले, वर्षातला सर्वोत्तम गेम हाही त्यातच. म्हणजे आमच्या चौघांच्या ग्रुपवर जे चाललं होतं तेच जगभर चाललं होतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. लॉकडाऊनमुळे हॉस्टेल रिकामं झालं आणि मी मुळशीत, घरी आलो. परीक्षा होणार की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलेलं, लाइटचा भरवसा नव्हता. नेट यायचं ते फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. प्लेस्टेशन होता कोथरूडच्या मित्राकडे. मी टाकीला टेकून, मांडीवर छत्री धरून, यूट्यूबवर कुणीतरी खेळत असलेला हा गेम अस्पष्ट चित्रात बघितला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो असाच बघितला असेल. आपल्याकडे कन्सोल घेणं म्हणजे घरात एक मीटिंग घ्यावी लागते.

मग ३ एप्रिल २०२५ला तो पीसीवर आला. तोवर मी हिंजवडीत नोकरीला लागलो होतो आणि बरा लॅपटॉप घेतला होता. पाच वर्षं ज्या गेमवर हिरिरीनं भांडलो तो पहिल्यांदा स्वतःच्या हातानं खेळलो. आणि पहिल्या दोन-तीन तासांतच लक्षात आलं की आमच्या वादाचं मूळ वाक्यच चुकीचं आहे.

जोएल नाव सांगतच नाही.

आधी गोष्ट थोडक्यात. पहिला भाग २०१३चा. एका बुरशीनं माणसं पिसाळलेल्या जगात जोएल नावाचा पन्नाशीचा, मुलगी गमावलेला तस्कर चौदा वर्षांच्या एलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे पोहोचवतो. एलीला त्या बुरशीची बाधा होत नाही. फायरफ्लाय नावाची बंडखोर संघटना तिच्यापासून लस बनवू बघते. शेवटी हॉस्पिटलमध्ये कळतं की लस हवी तर एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि ती जगणार नाही. जोएल हॉस्पिटलमधल्या माणसांना मारत सुटतो, डॉक्टरला मारतो, बेशुद्ध एलीला उचलून बाहेर काढतो. ती शुद्धीवर आल्यावर तो तिला खोटं सांगतो.

दुसऱ्या भागात चार-पाच वर्षं उलटली आहेत. जोएल आणि एली जॅक्सन नावाच्या वस्तीत सुखानं राहतायत. एका हिमवादळात गस्तीवर असताना जोएल आणि त्याचा भाऊ टॉमी एका अनोळखी तरुणीला पिसाळलेल्यांच्या झुंडीतून वाचवतात. ही ॲबी, त्या डॉक्टरची मुलगी. ती जोएललाच शोधत आलेली असते. आपल्या साथीदारांच्या घरात नेऊन ती त्याला गोल्फच्या काठीनं ठेचून मारते, एलीच्या डोळ्यांदेखत. एली सूड घ्यायला सिॲटलला जाते. तीन दिवस आपण एली होऊन ॲबीचे मित्र एकेक करून मारतो. ॲबी समोर येऊन उभी राहते आणि ऐन त्या क्षणी गेम थांबतो, मागे जातो, आणि तेच तीन दिवस आपल्याला ॲबी होऊन खेळायला लावतो.

आता ते नाव. झुंडीतून निसटताना टॉमी त्या मुलीला तिचं नाव विचारतो, आणि तिनं सांगितल्यावर तोच स्वतःचं आणि भावाचं नाव सांगून टाकतो. जोएलच्या तोंडून नाव निघायची वेळच येत नाही. टॉमीनं हे सांगितलं यात नवल काही नाही. ते ज्या वस्तीत राहतात तिथे अनोळखी माणसांना आसरा देतात, त्यांच्याशी व्यवहार करतात. जिचा आत्ताच जीव वाचवला तिला नाव सांगणं ही साधी माणुसकी झाली. आमच्याकडे ताम्हिणीत बंद पडलेल्या गाडीला धक्का मारणारा माणूसही जाताना गावाचं नाव सांगून जातो.

हे मी स्क्रीनशॉटसकट ग्रुपवर टाकलं. जर्मनीवाल्याचं उत्तर आलं, "म्हणजे तेच ना. कुणी का सांगेना." पण ते तेच नाही. चौघांनीही पाच वर्षं जोएलच्या तोंडी ते वाक्य घातलं होतं, कारण आम्हाला त्याची चूक हवी होती. पहिल्या भागातला सावध, कुणावर विश्वास न ठेवणारा जोएल लेखकांनी बिघडवला असं म्हणायचं तर त्याच्या हातून काहीतरी गाढवपणा व्हायला हवा. तो गेममध्ये सापडेना, म्हणून आम्ही आठवणीत तयार केला. लाडका माणूस गेला की घरोघरी हेच होतं. त्या दिवशी तो त्या रस्त्यानं जायलाच नको होता, असं म्हणत बसतात.

खरा दुबळेपणा शेजारीच आहे. एवढ्या मोठ्या डोंगराळ मुलुखात, अशा वादळात, ॲबीला नेमका तोच माणूस भेटतो ज्याच्या शोधात ती निघाली आहे. तीसुद्धा आल्या आल्या. हा योगायोग लेखकांना सोयीचा आहे आणि तो तसाच दिसतो. नील ड्रकमन आणि हॅली ग्रॉस या लेखकांना कथानक पुढे ढकलायचं होतं, त्यांनी ढकललं. टीका करायची तर इथे करावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "सूड वाईट असतो एवढंच सांगायला पंचवीस तास?" मित्र म्हणतो, "हे तर आम्हाला तिसरीच्या पुस्तकात होतं."

गेमचं सांगणं तेवढंच असतं तर त्याचं म्हणणं मान्य केलं असतं. पण पहिल्या भागातल्या हॉस्पिटलच्या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत तिघं असतात. बाकीच्या दोघांना सोडून दिलं तरी चालतं. पण डॉक्टर समोर उभा राहतो आणि त्याला मारल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. २०१३मध्ये ज्यांनी गेम खेळला त्या लाखो लोकांनी ते बटण दाबलं आणि विसरून गेले. त्या माणसाला चेहरा होता, पण मुलगी नव्हती. सात वर्षांनी दुसरा भाग येतो आणि सांगतो, तुम्ही ज्याला मारलं त्याला एक मुलगी होती, ती कॉरिडॉरमधून पळत आली तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता. कादंबरीत असं पात्र परत आलं असतं तर आपण लेखकाला दाद दिली असती. इथे जे परत येतं ते आपल्याच हातचं काम असतं. म्हणून राग वेगळा येतो, आणि तो राग गेमवर काढणं सोपं जातं.

मी स्वतः पहिल्यापासून जोएलच्या बाजूचा, आणि त्याचं कारण मला खेळताना उमगलं. फायरफ्लायचं म्हणणं काय, तर एका मुलीच्या जिवापेक्षा जगाचं भलं मोठं. तिला शुद्धीवर आणून एकदा विचारायचीही गरज त्यांना वाटत नाही. मी ज्या तालुक्यात वाढलो तिथे हा हिशेब जुना आहे. टाटांच्या कंपनीनं मुळशीत धरण बांधायला घेतलं ते मुंबईला वीज देण्यासाठी. मावळ्यांना जमिनी द्याल का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. १९२१च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, तीन वर्षं लढा चालला, तरी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून बोट दाखवून सांगतात, तिथे देऊळ होतं, तिथे अमक्याचं घर होतं. मुंबईच्या बाजूनं सांगितली तर ही प्रगतीची गोष्ट आहे. लहानपणापासून मी ती दुसऱ्या बाजूनं ऐकली. त्यामुळे 'सगळ्यांच्या भल्यासाठी' हे शब्द ऐकले की माझं मन आपोआप जोएलकडे झुकतं.

पण जोएलनंही एलीला विचारलं नव्हतं, हे मी सोयीनं बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्या भागातली एली त्याच्यावर चिडली आहे ती याचसाठी. आपल्या जगण्याला काही अर्थ आला असता आणि तो त्यानं तिच्याकडून काढून घेतला, वर खोटं बोलला. गेमचा विषय सूड आहे असं सगळे म्हणतात. मला वाटतं, ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्यानं आपलं वाटोळं केलं असेल तर त्याच्याशी कसं वागायचं, हा त्याहून मोठा विषय त्यात आहे. एली सिॲटलला जाते ती केवळ जोएलला मारलं म्हणून नव्हे. त्याला माफ करायचं तिनं नुकतं कुठे मनाशी ठरवलं होतं आणि तेवढ्यात ते माणूसच गेलं. ही गोष्ट गेम अगदी शेवटच्या प्रसंगापर्यंत लपवून ठेवतो, आणि ती कळल्यावर मागचे पंचवीस तास वेगळे दिसू लागतात. तिसरीच्या पुस्तकात हे नव्हतं.

तिसरा आक्षेप ॲबीचा. जिनं जोएलला मारलं तिला आम्ही दहा तास का खेळवायचं? यातला एक गट ॲबीच्या पिळदार शरीरावरून, एलीच्या डीनावरच्या प्रेमावरून आणि एकूणच बायकांच्या हाती कथा गेल्यावरून चिडलेला होता. एप्रिल २०२०मध्ये गेममधले प्रसंग बाहेर फुटले तेव्हापासून त्यांचं मत ठरलेलं होतं. त्यांच्याशी कथाकथनावर बोलण्यात अर्थ नाही, कारण त्यांचं भांडण कथेशी नव्हतंच.

पण दुसरा गट प्रामाणिक आहे. ते म्हणतात, दुसऱ्याची बाजू दाखवा, पण आमच्याकडून ती वदवून का घेता? मराठी वाचकाला दुसऱ्याची बाजू नवी नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची, त्यात कर्णासकट अनेक जण आपापल्या तोंडानं बोलतात. रणजित देसाईंची 'राधेय' त्यानंतरची. दोन पिढ्यांनी पांडवांकडून उठून कर्णाकडे जाऊन बघितलं आणि डोळे पुसले. पण कर्णाची बाजू घेणं तसं सोपं आहे. तो दानशूर, त्याच्यावर अन्याय झालेला, मरतोही तो अन्यायानंच.

ॲबी कर्ण नाही. ती अश्वत्थामा आहे. बापानं शस्त्र खाली ठेवल्यावर त्याला मारलं, म्हणून मुलगा रात्री छावणीत शिरतो, बापाला मारणाऱ्या धृष्टद्युम्नाला मारतो आणि द्रौपदीची पाचही मुलं कापतो. अश्वत्थाम्याच्या बाजूनं रडायला आपण कुणी तयार नसतो. आपल्या लोककथांनीही त्याला एवढीच जागा दिली, की कपाळावरची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरावं. गेम आपल्याला त्या जखमेच्या आत बसवतो. पहिले दोन तास मी ॲबीला मुद्दाम मरू दिलं. उंच कड्यावर तिला भीती वाटते, तिथून खाली टाकली. आणि मग तिच्याबरोबर लेव्ह नावाचं एक तेरा वर्षांचं, आपल्या माणसांतून जीव वाचवून पळालेलं पोर आलं. त्याला वाचवता वाचवता मी केव्हा नीट खेळू लागलो ते कळलं नाही. पुढे थिएटरात गेम मला ॲबी करून एलीच्या अंगावर सोडतो तेव्हा हात खरंच थबकले. २०२०मध्ये टाकीपाशी बसून हाच प्रसंग बघताना मी वडापाव खात होतो.

हा फरक लिहून ठेवण्यासारखा आहे. या गेमवर सर्वांत जोरात बोलणाऱ्यांमध्ये माझ्यासारखे बघे खूप होते. बघताना ती जोएलच्या खुन्याची लांबलेली गोष्ट वाटते. खेळताना मात्र आपल्याला मेहनत करावी लागते. मित्राचा यावर ठरलेला सवाल आहे. एली नोराला छळते त्या प्रसंगात गेम बटण दाबायला सांगतो, दुसरा पर्यायच देत नाही, मग अपराध माझा कसा? कोडमध्ये इफ आहे पण एल्स नाही, असं तो म्हणतो. प्रश्न बरोबर आहे, पण कंट्रोलर म्हणजे गाडीचं स्टिअरिंग असं त्यानं धरून ठेवलंय. माझ्या मते तो जात्याच्या खुंट्यासारखा आहे. फिरायची वाट ठरलेली असते, तरी जोर आपलाच लागतो आणि हात आपलेच भरून येतात. गेम आपल्यावर आरोप ठेवत नाही, एलीला तिथवर जायला किती बळ लागलं ते आपल्या हातांना कळू देतो.

म्हणून मी या गेमला निर्दोष म्हणणार नाही. माझ्या दोन तक्रारी आहेत आणि त्या ग्रुपवर फारशा कुणी केल्या नाहीत.

पहिली, रचनेची. एली आणि ॲबी समोरासमोर आल्या आणि गेमनं तिथेच गोष्ट तोडली, ही कल्पना कागदावर जोरकस आहे. प्रत्यक्षात खेळाडूचं अर्धं लक्ष पुढचे दहा तास त्या थिएटरातच अडकून पडतं. वर एलीसाठी जमवलेली हत्यारं, शिकलेल्या युक्त्या सगळं शून्यावर, ॲबीची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. जिच्याबद्दल आपुलकी वाटावी म्हणून एवढा आटापिटा, तिची पहिली ओळखच आपली कमाई काढून घेणारी म्हणून होते. एलीच्या हातून मेलेली ॲलिस नावाची कुत्री ॲबीच्या दिवसांत जिवंत भेटते, तेव्हा पोटात कालवतं. पण असे प्रसंग इतके नेमके मांडलेत की लेखक कोपऱ्यात उभा राहून आपला चेहरा बघतोय असंही वाटतं.

जुलै २०२५मध्ये कंपनीनं एक मोफत अपडेट दिलं, त्यात हीच गोष्ट काळाच्या सरळ क्रमानं खेळता येते. एलीचा पहिला दिवस, ॲबीचा पहिला दिवस, अशी गुंफण. मी तशीही खेळून पाहिली. कोण कुठे होतं, कुणाचं कुणाला थोडक्यात चुकलं, ते फार छान कळतं. ॲबीवरचा राग मात्र साचतच नाही, आणि साचला नाही म्हणून तो उतरण्याचा अनुभवही येत नाही. म्हणजे मूळ क्रमाचा जो दोष मला वाटतो तोच त्याच्या जोराचं कारण आहे. दोष आहे हे मी तरी मागे घेत नाही. औषध कडू आहे म्हटल्यावर ते लागू पडलं म्हणून गोड होत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. हा गेम सतत बजावतो की समोरच्या माणसाला नाव आहे. तुम्ही एकाला मारलं की त्याचा साथीदार त्याच्या नावानं हंबरडा फोडतो. पण शेवटी सांता बार्बरात गुलाम पाळणारी रॅटलर नावाची टोळी येते, आणि तिच्यासाठी एलीच्या हाती आवाज न करणारी मशीनगन दिली जाते. या लोकांना मारताना काहीच वाटू नये अशी सगळी सोय केलेली आहे. त्यांच्यातल्या कुणाच्या वाट्याला कधी तीन दिवस येणार नाहीत. वीस-बावीस तास जे शिकवलं ते गेम स्वतःच इथे विसरतो. सूड वाईट, पण वाईट माणसांना मारण्यातली मजा शाबूत. इथे मला तो घाबरल्यासारखा वाटला. एवढा ताण दिल्यावर गिऱ्हाइकाला थोडी करमणूक द्यावी, असा हिशेब दिसतो.

तरी शेवट मला पटतो. समुद्राच्या पाण्यात, दोन्ही बायका अर्धमेल्या. एली ॲबीला बुडवत असते आणि हात सोडते. "एवढे लोक मारून हिला सोडली?" हा सगळ्यांचा संताप. पण भागवतात द्रौपदी काय करते? पाच मुलं मारणारा अश्वत्थामा बांधून समोर आणलेला असतो आणि ती म्हणते, सोडा याला, मी रडते तशी याची आई रडायला नको. तिथे कुणी पटकथेतली चूक काढत नाही. एलीला तर एवढं शहाणपणही येत नाही. तिला फक्त व्हरांड्यात गिटार घेऊन बसलेला जोएल आठवतो आणि बळ ओसरतं. ती घरी येते तेव्हा घर रिकामं असतं, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली असतात, जोएलनं शिकवलेली गिटार आता तिला वाजवता येत नाही. सुडाचा हिशेब लेखकांनी भाषणातून मांडला नाही, तारांवर पडणाऱ्या तीन बोटांतून मांडला. अशा जागा सापडल्या की बाकीच्या चुका मी सोडून देतो.

याच मुळशीवर प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' २०१८मध्ये आला तेव्हा पिरंगुट-पौडच्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. जमीन विकून कफल्लक झालेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुन्हेगारीत शिरतो, ही आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट होती. कित्येकांना मात्र त्यातला बाप आठवला नाही, कोयता तेवढा आठवला. गोष्ट आपण आपल्याला हव्या त्या माणसाच्या जागी बसून ऐकतो. जागा बदलायला लावणारी गोष्ट म्हणूनच अंगाला खाजते.

आता एक घरगुती हकिगत सांगतो, कारण ती या लेखाच्या मुळाशी आहे. आमच्या घराचं आणि भावकीतल्या एका घराचं तीस-पस्तीस वर्षं बोलणं नाही. कारण बांध. मी लहानपणापासून ऐकलं ते असं, की त्या घरातल्या माणसानं आमच्या आजोबांच्या डोक्यात काठी घातली. आजोबांच्या कपाळावरची खूण मी बघितली आहे. या वर्षी गावच्या जत्रेत जेवणाच्या पंगतीत मी नेमका त्या घरातल्या म्हातारीशेजारी बसलो. तिनं मला ओळखलं. भात कालवता कालवता म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नसंल, पर आदल्या रातीला तुझ्या आज्यानं आमचं पाणी फोडलं हुतं. ऐन आवणीत. रोपं वाळली समदी. आमी त्या साली भात इकत घेऊन खाल्ला."

खरं असेल, नसेलही. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली, विचारणार कुणाला. मी तेव्हा नुकताच ॲबीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचलो होतो.

घरी येऊन रात्री वडिलांना विचारलं, आदल्या रात्री पाणी फोडलं होतं का. ते बातम्या बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला कोण म्हणालं?"

मला एकदम ग्रुपवरचं ते वाक्य आठवलं. सांगू की नको असं झालं. मग नाव सांगितलं.

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हातारी आली होती का जत्रेला?" म्हणाले. "चालता येतं का तिला अजून?"